देव पण मानायचा आणि उत्क्रांती पण मानायची, हे नेमकं जमवायचं कसं

हा प्रश्न मला वर्षातून पाच-दहा वेळा तरी कुणी ना कुणी विचारतंच. मी जीवशास्त्र शिकवते आणि रोज थोडा वेळ देवासमोर शांत बसते, दोन्ही गोष्टी मी लपवत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की हिच्याकडे उत्तर असणार. एकदा वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली, बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी होती बराच वेळ, आणि मग म्हणाली, मॅडम तुम्ही आज शिकवलं ते खरं असेल तर आजी मला सांगते ते सगळं खोटं आहे का? मी घाईत होते. म्हटलं, अगं दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. ती मान हलवून गेली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं आणि ते दिवसभर टोचत राहिलं, कारण कुठली जागा, ती कोण ठरवतं, आणि दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला तर काय करायचं, यातलं काहीच मी तिला सांगितलं नव्हतं.

नंतर मी बरंच वाचलं, स्वतःशी भांडले, आणि त्यातून एक पद्धत हाताशी आली ती इथे लिहितेय. कुणाला देव मानायला लावायचा हेतू नाही आणि कुणाची श्रद्धा काढून घ्यायचा तर अजिबात नाही. ज्यांना दोन्ही धरून ठेवायचंय आणि कशाशीच लबाडी न करता धरून ठेवायचंय, त्यांच्यासाठी आहे हे.

आधी एक वही घ्या

मोबाईल नको, वहीच घ्या, हाताने लिहिताना माणूस जरा हळू होतो. तीन पानं करा. पहिल्यावर उत्क्रांतीबद्दल मला खरंच काय कळलंय. दुसऱ्यावर माझी श्रद्धा नक्की कशावर उभी आहे. तिसऱ्यावर जे जुळत नाही ते. तिसरं पान कोरं राहिलं तर समजा की आपण कुठेतरी पळवाट काढलीय, कारण मला अजून असा एकही माणूस भेटला नाहीये ज्याने हे दोन्ही मनापासून वाचलं आणि ज्याचं तिसरं पान रिकामं राहिलं.

पहिलं पान: उत्क्रांती नीट शिका, ऐकीव नको

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जे म्हणतात की देव आणि उत्क्रांती एकत्र नांदूच शकत नाहीत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यातली उत्क्रांती ही मुळात उत्क्रांती नसतेच, शाळेतलं ते माकड वाकलेलं आणि माणूस सरळ उभा असलेलं चित्र असतं फक्त. त्या चित्राने फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. तुमचं चुलत भावंड तुमचा बाप नसतं, तुमचे आजोबा एक असतात, तसंच आपलं आणि चिंपांझीचं आहे. आपले ते "आजोबा" साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेले, त्यातून एक फांदी तिकडे गेली एक इकडे आली, आणि इकडच्या फांदीवर पण बऱ्याच उपफांद्या फुटल्या ज्या पुढे संपल्या. त्यामुळे "मग आजची माकडं माणूस का होत नाहीत" हा प्रश्न म्हणजे माझी चुलत बहीण मी का होत नाही असं विचारण्यासारखं आहे.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे "हे सगळं नुसत्या योगायोगाने झालं असं विज्ञान म्हणतं." हा नीट समजून घ्या, कारण श्रद्धाळू माणसाला सगळ्यात जास्त हाच बोचतो. जनुकांमध्ये बदल होतात ते गरज बघून होत नाहीत, तेवढा भाग योगायोगाचा. पण त्यातले कुठले टिकतात हे योगायोगाने ठरत नाही, ज्याने जगायला आणि पिल्लं वाढवायला मदत होते तो बदल पुढच्या पिढ्यांत पसरतो. रिचर्ड लेन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एकाच जिवाणूपासून १२ वेगवेगळ्या बाटल्या सुरू केल्या आणि रोज त्यातले थोडे जिवाणू नव्या बाटलीत टाकत हजारो पिढ्या वाढवल्या. बाराही बाटल्यांमधले जिवाणू हळूहळू त्या अन्नावर जास्त वेगाने वाढायला लागले, म्हणजे बारा वेगळे रस्ते पण दिशा एकच, ही झाली निवड. आणि बारापैकी फक्त एका बाटलीत, तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर, जिवाणूंना सायट्रेट (लिंबातल्या आम्लापासूनचा क्षार) खायची युक्ती सापडली जी बाकीच्या अकरांना सापडली नाही, हा झाला योगायोग. दोन्ही एकाच प्रयोगात दिसतात. मी वर्गात हा प्रयोग सांगते तेव्हा मुलं एकदम गप्प होतात, कारण उत्क्रांती बाटलीत बसवून बघता येते ही कल्पनाच कुणाला नसते.

आता एक पुरावा जरा जवळून बघा, माझा सगळ्यात आवडता आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अशी अख्खी जोडी हरवली तर जीव जगणारच नाही, म्हणजे कुठेतरी दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली सापडायला हवीत. ती सापडली. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक ठराविक अक्षरमाळा पुन्हा पुन्हा येते, टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी, बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिक असतं ना तसं ते टोक सांभाळायला असतं. तिची जागा टोकाला. पण आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्येच ती माळ आहे, आणि एका ठिकाणाहून पुढे उलटी वाचायला लागते, जणू दोन लेसची टोकं तोंडाला तोंड लावून चिकटवलीत. शिवाय गुणसूत्राला मध्यबिंदू एक असतो, पण या गुणसूत्रात दुसऱ्या, बंद पडलेल्या मध्यबिंदूचे अवशेष पण आहेत. हे तुमच्या प्रत्येक पेशीत आहे ज्यात केंद्रक आहे, देवळात जाणाऱ्याच्या, मशिदीत जाणाऱ्याच्या, चर्चमध्ये जाणाऱ्याच्या, कुठेच न जाणाऱ्याच्या.

आणि पेशीपर्यंत जायचं नसेल तर आत्ता हात पुढे करा. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना चिकटवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर आलं का? तो एका लांब बारीक स्नायूचा दोर आहे. काहींना दोन्ही हातांना असतो, काहींना एकाच, काहींना नसतोच, आणि नसला तरी पकडीत जाणवेल असा फरक पडत नाही, म्हणून तर सर्जन दुसरीकडे जोडकाम करायला तो बिनधास्त काढून वापरतात. झाडांवर राहणाऱ्या आपल्या कित्येक नातेवाईकांमध्ये तो चांगला भरलेला असतो. वर्गात सगळ्यांना हात पुढे करायला लावले की एकच गोंधळ उडतो, ज्याच्या हाताला नाही तो घाबरतो आधी.

टिकटालिक नावाच्या जीवाश्माची गोष्ट पण वाचून काढा वेळ मिळेल तेव्हा. पाण्यातल्या माशांपासून जमिनीवरचे चार पायांचे प्राणी झाले असतील तर मधला प्राणी साधारण ३७.५ कोटी वर्षं जुन्या खडकात असायला हवा, असा हिशोब करून शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समीर बेटावर गेले, कित्येक मोसम थंडीत खोदलं, आणि २००४ मध्ये कल्ले, खवले, पण मान वळवता येणारा आणि माशाच्या पंखांत मनगटासारखी हाडं असलेला प्राणी सापडला. आधी जागा सांगितली, मग तिथे जाऊन काढला. "ही फक्त एक थिअरी आहे" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की विज्ञानात थिअरी म्हणजे अंदाज नव्हे, असं भाकीत करून दाखवणारं, तपासून घेतलेलं स्पष्टीकरण.

उत्क्रांती काय सांगत नाही हे पण त्याच पानावर खाली लिहा. पहिला जीव कसा झाला हे ती सांगत नाही, तो वेगळा अभ्यास आहे आणि चालू आहे. आणि देव आहे की नाही हे तर ती सांगतच नाही, कुठल्याच जीवशास्त्रज्ञाकडे ते मोजायचं यंत्र नाही.

दुसरं पान: माझी श्रद्धा उभी कशावर आहे

हे पान जड जातं. आपण लहानपणापासून सगळं एका गाठोड्यात बांधलेलं असतं, देव, जगाच्या उत्पत्तीची गोष्ट, आजीचा आवाज, भीती, कृतज्ञता, आपली माणसं, सगळं एकत्र, आणि त्यातला एक धागा ओढला तर सगळं सुटेल असं वाटत राहतं. म्हणून गाठोडं सोडायचं आणि एकेक वस्तू बाहेर काढून बघायची. स्वतःला विचारा, उद्या माझी खात्री पटली की पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आहे आणि मी चिंपांझीचा दूरचा नातेवाईक आहे, तर परवा सकाळी माझ्या श्रद्धेतलं नक्की काय गेलेलं असेल?

मी हे लिहायला बसले तेव्हा माझ्या पानावर आलं ते असं: कुणीतरी ऐकतंय ही भावना. चूक कबूल करायची जागा. जे मिळालं त्याबद्दल आभार मानायची सवय. वडील गेले तेव्हा रात्री ज्याच्यामुळे झोप लागली ते. यातलं एकही दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर अवलंबून नव्हतं, आणि हे कळलं तेव्हा छातीवरचं मोठं ओझं उतरलं, खरंच.

पण सगळ्यांच्या पानावर असंच येईल असं नाही. कुणाच्या पानावर येईल, बायबलप्रमाणे पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत झाली. किंवा प्रत्येक प्राणी आहे तसाच वेगळा घडवला गेला. ही विधानं जगाबद्दलची आहेत, ती तपासता येतात, आणि तपासली की चुकीची निघतात. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही, कारण तसं बोलूनच मी त्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवलं होतं. ग्रंथातला शब्द न् शब्द भूगर्भशास्त्राचं पुस्तक म्हणून वाचायचा असेल तर उत्क्रांतीशी जमत नाही, संपला विषय. तो ग्रंथ वेगळ्या प्रकारे वाचायचा रस्ता मात्र उघडा आहे आणि तो कुणी डार्विनला घाबरून काल-परवा काढलेला नाही. ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनने डार्विनच्या चौदाशेहून जास्त वर्षं आधी आपल्याच लोकांना बजावलं होतं की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल जे इतरांना अनुभवाने ठाऊक आहे त्यावर ग्रंथाचा हवाला देऊन काहीतरी बरळू नका, त्याने ग्रंथाचीच अब्रू जाते.

"कसं झालं" आणि "कशासाठी" हे प्रश्न वेगळे करून बघायला पण शिका. अंगाई घ्या. बाळ का शांत होतं? लय, ओळखीचा आवाज, मंद होणारे हृदयाचे ठोके, अशा आवाजाला प्रतिसाद देणारी बाळं आणि त्यांना जपणाऱ्या आया टिकल्या म्हणून ही सवय आपल्यात आली असेल, हे सगळं स्पष्टीकरण अगदी खरं असू शकतं. पण आई गाते तेव्हा ती काय करतेय असं विचारलं तर "ती बाळावर माया करतेय" हे उत्तर त्यामुळे खोटं पडत नाही, आणि मायेचं उत्तर दिलं म्हणून हृदयाचे ठोके मोजायची गरज संपत नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये असंच म्हटलं होतं की विज्ञान आणि धर्म यांची क्षेत्रंच वेगळी, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये. मला हे अर्धंच पटतं. कारण धर्म रोज हद्द ओलांडतात, अमुक झालं, तमुक घडलं असं सांगतात, आणि विज्ञानाने जे दाखवलं त्याने आपण स्वतःला कोण समजतो यात पण फरक पडतोच. कुंपण आहे पण त्याला फाटक आहे आणि ते दिवसभर उघडझाप होतं, असं मी म्हणेन.

दोन रस्ते सोपे दिसतात, त्यांवर जाऊ नका

पहिला म्हणजे जिथे विज्ञानाला अजून उत्तर नाही तिथे देवाला नेऊन बसवायचं. न्यूटनसारख्या माणसाला पण वाटायचं की ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडतील आणि देवाला अधूनमधून त्या नीट कराव्या लागतील, पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने गणित मांडून दाखवलं की ज्या बिघाडाची काळजी होती तो आपोआप मागेपुढे होत राहतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेचा खटला २००५ मध्ये गाजला त्यात हेच झालं. जिवाणूची शेपटी इतकी गुंतागुंतीची आहे की एक भाग काढला तर बंद पडते, म्हणजे ती कुणीतरी मुद्दाम बनवली असणार, असा दावा होता. पण तिच्यातल्या काही भागांसारखेच भाग दुसऱ्या जिवाणूंमध्ये, शेपटी म्हणून नव्हे तर दुसऱ्या पेशीत विष टोचायची सुई म्हणून, मजेत काम करतात. हे कोर्टात समजावून सांगणाऱ्यांत केनेथ मिलर होता, जो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहे. न्यायाधीशांनी निकाल दिला की हा दावा विज्ञान नाही, विज्ञानाच्या तासाला शिकवता येणार नाही. त्या फटीत ज्यांनी देव बसवला होता त्यांच्या देवाला जागा खाली करावी लागली, आणि हे दर पिढीत होत राहणार. देव असेल तर जे आपल्याला समजलंय त्यात पण असायला हवा ना.

दुसरा रस्ता आपल्याकडच्या लोकांना जास्त भुलवतो. "हे आमच्या ग्रंथात आधीच लिहिलंय." दशावताराचं उदाहरण तर हमखास येतं, आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग अर्धा प्राणी अर्धा माणूस, मग वामन, बघा उत्क्रांतीच की! जे. बी. एस. हाल्डेनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला पण हे साम्य गमतीशीर वाटलं होतं, आणि मलाही ते क्रमाने ऐकायला आवडतं. पण पुरावा म्हणून वापरू नका. उत्क्रांती ही एकावर एक पायऱ्या चढत माणसापर्यंत येणारी शिडी नाही, ती झुडपासारखी सगळीकडे पसरते, कासव आपल्या पूर्वजांच्या रांगेत नाही, रानडुक्कर पण नाही, आणि अर्धा सिंह अर्धा माणूस तर कधीच नव्हता. उलट नृसिंहाची गोष्ट ज्यासाठी आहे, म्हणजे कितीही हुशारीने अटी घालून घेतल्या तरी अन्याय सुटत नाही, देव खांबातून पण उत्तर घेऊन येतो, ती गोष्ट जीवाश्मांच्या तक्त्यात कोंबली की मरते. सृष्टीच्या सहा दिवसांचे सहा भूगर्भीय कालखंड करणारे पण हेच करतात. ओढूनताणून जुळवलेलं कधी ना कधी उसवतं आणि मग मुलांना वाटतं की सगळंच खोटं होतं.

हे जमवलेली माणसं खरंच आहेत का

आहेत, आणि काठावरची नाहीत, विज्ञानाच्या अगदी मधोमध बसलेली आहेत. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यांवर शोधणारा मेंडेल हा मठात राहणारा साधू होता. डार्विनचा अमेरिकेतला सगळ्यात खंदा समर्थक एसा ग्रे हा हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पक्का ख्रिस्ती. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ लागत नाही असं १९७३ मध्ये लिहिणारा आनुवंशिकीचा अभ्यासक दोब्झान्स्की देव मानणारा होता. मानवी जनुकांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाचा प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स पण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये जाहीर सांगितलं की उत्क्रांती ही आता नुसत्या कल्पनेपेक्षा जास्त काहीतरी आहे. दलाई लामा तर म्हणतात की विज्ञानाने बौद्ध मताचा एखादा दावा चुकीचा ठरवला तर बदलायला बौद्ध मताने हवं. मुस्लिम अभ्यासकांमध्ये मतं बरीच वेगवेगळी आहेत, काही पूर्ण स्वीकारतात, काही बाकी सगळ्या जिवांची उत्क्रांती मान्य करतात पण आदमला वेगळं ठेवतात, काही नाकारतात.

दुसरी बाजू पण ऐका. रिचर्ड डॉकिन्ससारखे जीवशास्त्रज्ञ म्हणतात की हे एकत्र नांदणं वरवरचं आहे, उत्क्रांती नीट समजली की देवाची गरजच उरत नाही. त्यांना शिव्या देऊ नका, त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि ते तिसऱ्या पानावर उतरवून घ्यायचे.

आणि स्वतः डार्विन? त्याने १८७९ मध्ये एका पत्रात लिहिलं की माणूस मनापासून देव मानणारा आणि उत्क्रांती मानणारा असू शकतो यात शंका घेणं त्याला निरर्थक वाटतं. स्वतःबद्दल मात्र तो म्हणाला की देव नाहीच असं मी कधी म्हटलं नाही, पण वय वाढतंय तसं "मला माहीत नाही" म्हणणाऱ्यांतला आहे मी.

तिसरं पान: जे जुळत नाही

खरी मेख इथे आहे. पृथ्वीचं वय, माकडं, सहा दिवस, या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. अवघड आहे ते दुःख.

डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना आजारी पडून गेली. तो शेवटपर्यंत तिच्या उशाशी होता, एमा, त्याची बायको, दिवस भरलेले म्हणून घरी अडकली होती आणि हा तिला रोज पत्रं लिहून कळवत होता. एमा अतिशय श्रद्धाळू होती. लग्नानंतर लगेच तिने त्याला पत्र लिहिलं होतं की तुझ्या संशोधनाच्या सवयीमुळे ज्याचा पुरावा देता येत नाही ते सगळंच तू नाकारशील अशी मला भीती वाटते. ते पत्र त्याने आयुष्यभर जपून ठेवलं आणि त्याखाली लिहून ठेवलं की मी गेल्यावर तुला कळावं, मी हे कितीदा चुंबलंय आणि यावर रडलोय. ज्यांच्या घरात एक जण मानतो आणि एक मानत नाही त्यांनी हे जरूर वाचावं, मला दरवेळी गलबलून येतं.

१८६० मध्ये त्याने एसा ग्रेला लिहिलं की जगात मला फार दुःख दिसतं. इक्न्यूमॉन म्हणून गांधीलमाशीच्या नात्यातल्या माश्या असतात, त्या जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालतात आणि अळ्या त्याला आतून खात वाढतात. हे एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम असं ठरवून बनवलं असेल हे मला पटवून घेता येत नाही, असं तो म्हणतो. त्याच पत्रात पुढे म्हणतो की हा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही, कुत्र्याने न्यूटनच्या मनाचा अंदाज बांधावा तसं आहे.

आता श्रद्धाळू लोकांनी यावर काय काय म्हटलंय? कुणी म्हणतं देवाने जगाला स्वतः घडायचं स्वातंत्र्य दिलं, आणि स्वातंत्र्यात चुका, रोग, मरण येणारच. कुणी म्हणतं देव बाहेर उभा राहून बघत नाही, दुःखात तो पण आत आहे. कुणी लीला म्हणतं, कुणी कर्म. मला पहिल्या दोन्हींत काहीतरी खरं जाणवतं पण सुरवंटापाशी आले की माझं गाडं अडतं, कारण सुरवंटाने कुठलं स्वातंत्र्य वापरलं? ज्याचं मूल गेलंय त्याच्यासमोर तर यातलं काहीच बोलू नका, नुसतं शेजारी बसा.

माणूस वेगळा आहे का, आत्म्याचं काय, हा पण तिसऱ्या पानाचाच प्रश्न. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवड शोधणारा वॉलेस, तो म्हणायचा की शरीर उत्क्रांतीने झालं पण माणसाचं मन नुसत्या निवडीने होणार नाही. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये शरीराच्या उत्पत्तीबद्दल संशोधनाला मुभा दिली पण आत्मा देवाकडूनच अशी रेघ ओढली. पण ती रेघ काळात कुठे ओढायची? आपल्या जातीची सगळ्यात जुनी हाडं साधारण ३ लाख वर्षांची आहेत, त्यानंतरही निअँडरथल ही माणसाची दुसरी, आता संपलेली जात आपल्याबरोबर होती, आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत १ ते २ टक्के भाग त्यांचा आहे. कुठल्या आईला आत्मा नव्हता आणि तिच्या मुलाला होता? हे माझ्या वहीत आहे, उत्तराशिवाय.

नीतीबद्दल मात्र मला फारशी अडचण वाटत नाही. दया, न्याय यांची मुळं कळपात राहण्यात असतील तर त्या खोट्या ठरतात असं काही जण म्हणतात. पण मोजण्याची क्षमता पण उत्क्रांतीनेच आली ना आपल्यात, म्हणून दोन आणि दोन चार व्हायचे थांबले का?

घरात हे बोलायचं कसं

मोठ्या माणसांशी बोलताना प्राणी आणि जीवाश्म यांवरून सुरुवात करू नका. त्यांना ऐकू येतं ते "तुम्ही आयुष्यभर मूर्खपणा केला" एवढंच. आधी विचारा की तुमच्या आयुष्यात देव कधी उपयोगी पडला, आणि पूर्ण ऐका. मग त्यांच्या मनगटावरचा दोर शोधा हवं तर.

मुलांशी खोटं बोलू नका, दोन्हीकडचं. पाच वर्षांच्या मुलाने विचारलं की मला कुणी बनवलं, तर देवाने असं सांगायचं असेल तर सांगा, पण दहाव्या वर्षी त्याने कसं असं विचारलं की पेशी, जनुकं, कोट्यवधी वर्षं हे सगळं सांगायला तयार राहा. "असले प्रश्न विचारू नये" हे सांगितलं की तो प्रश्न विचारायचं थांबवतो पण विचार करायचं थांबवत नाही, फक्त एकटा करायला लागतो. शिकवत असाल तर विज्ञानाच्या तासाला विज्ञानच शिकवा, पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाची चेष्टा कुणालाही करू देऊ नका.

आणि वही लिहून झाल्यावर एखाद्याला वाटलं की नाही, मला दोन्ही धरता येत नाही, तर त्याला धरून ठेवायला लावू नका. माझ्या ओळखीत काहींनी श्रद्धा सोडली आणि ते आधीइतकेच भले आहेत. गुणसूत्रांचा पुरावा मात्र कुणाच्या मानण्या-न मानण्याने हलणार नाही.

ती मुलगी नंतर पुन्हा आली, साधारण वर्षाने. या वेळी मला घाई नव्हती, मी तिला वहीची पद्धत सांगितली, तिने लगेच रफ वहीची तीन पानं आखली. पहिलं पान तिने भराभर लिहिलं, अभ्यास चांगला होता तिचा. दुसऱ्या पानावर फक्त एक ओळ लिहिली, आजी रोज माझं नाव घेऊन प्रार्थना करते. मग तिसऱ्यावर बराच वेळ पेन टेकवून बसली आणि म्हणाली, मॅडम तुमच्या तिसऱ्या पानावर काय आहे? मी माझी वही काढून दाखवली. सगळ्यात वर सुरवंट होता.